एका अर्जात एकच मागणी

ठाण्याला वर्तकनगरच्या आमच्या वसाहतीत कुणाला सरकारदरबारी काही मागायचं असलं, की तो माणूस आधी आमच्या दारात यायचा. रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवायचंय, नळाला पाणी येत नाही, मुलीचा शाळेचा दाखला हरवलाय. आमचे अण्णा एका कंपनीत टाइमकीपर होते, पण संध्याकाळी बनियन आणि लेंग्यात खाटेवर बसले की त्यांच्यातला वकील जागा व्हायचा. मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्याला चिमटा, चिमट्यात फुलस्केप कागद. समोरच्याची सगळी कर्मकहाणी ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "हे सगळं नाही लिहायचं. एका अर्जात एकच मागणी. दोन मागितल्या की साहेब दोन्ही नाकारतो."

हा नियम त्यांनी कुठे वाचला नव्हता, अनुभवातून काढला होता. साहेबाला सही करायला कंटाळा येतो आणि 'नाही' म्हणायला निमित्त लागतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांचे अर्ज मंजूर व्हायचे, त्यामुळे वाद घालायची कुणाची टाप नव्हती. माझी तर नव्हतीच. मी धाकटी, अण्णांची लाडकी, वक्तृत्व स्पर्धेत पेले जिंकणारी आणि त्याचा भलताच ताठा असलेली मुलगी होते.

माझ्याहून तीन वर्षांनी मोठी ताई. आठवीत असताना तिला तिन्हीसांजेला दिसेनासं झालं. डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, उपाय नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आई दवाखान्याच्या पायरीवरच बसली. पुढे ताईचं कडेचं दिसणं गेलं, मग मधलं पुसट होत गेलं. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला पोचेपर्यंत तिला माणसं आकारावरून आणि चालीवरून कळत आणि छापील अक्षर अजिबात दिसत नसे.

हे आम्ही कुणाला कळू दिलं नव्हतं. कळू न देण्यात आमच्या घराचा हातखंडा होता. पाहुणे आले की मी ताईच्या कोपराला हळूच बोट लावायची, म्हणजे पुढे पाट आहे. आई कपबशी तिच्या हातात देताना बशी मुद्दाम वाजवायची. स्थळं यायची होती, लोक बोलले असते. आम्हाला तेव्हा ते प्रेम वाटायचं आणि खरं सांगायचं तर अजूनही मला ते निव्वळ खोटं होतं असं म्हणता येत नाही.

ताईचा अभ्यास माझ्या तोंडून व्हायचा. दुपारी जेवणं झाली की गॅलरीत चटई टाकून मी तिला इतिहासाची जाडजूड पुस्तकं वाचून दाखवायची. कंटाळा आला की एखादा परिच्छेद गाळायची. ती डोळे मिटून ऐकत असायची आणि लगेच म्हणायची, "अगं ए चोर, मधलं खाल्लंस. तह व्हायच्या आधीच सैन्य परत कसं गेलं?" मग दोघी हसायचो आणि मी निमूट मागे जायची. मी गाळलं तर तिला कळतं, हे मला ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं, म्हणून ती निर्धास्त असायची.

तिला प्राध्यापक व्हायचं होतं. त्यासाठी एम.ए., आणि एम.ए.ला प्रवेश हवा तर बी.ए.ला निदान सेकंड क्लास हवा. आधीची दोन वर्षं तिने जाड शाईच्या पेनाने, एका ओळीवर दुसरी ओळ चढवत, कशीबशी काढली होती. शेवटच्या वर्षी तिच्या इतिहासाच्या बाईंनी तिची उत्तरपत्रिका समोर धरून विचारलं, "तुला दिसत नाही ना?" इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला कुणी सरळ विचारला नव्हता. बाई म्हणाल्या, "विद्यापीठाकडे अर्ज कर. तू सांगायचं आणि लेखनिकाने लिहायचं. आणि सांगून लिहून घ्यायला वेळ जास्त लागतो, म्हणून अर्धा तास जादा. दोन्ही माग. तो तुझा हक्क आहे."

ताईने घरी येऊन हा शब्द उच्चारला तेव्हा आई दचकली. आमच्या घरात विनंती होती, कृपा होती, मेहेरबानी होती. हक्क कुणी आणला नव्हता.

पहिलं काम सर्टिफिकेटचं होतं. अण्णांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि आम्ही तिघं बसने खोपटच्या स्टॉपवर उतरून सरकारी डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी ताईसमोर बोटं धरली आणि विचारलं, "किती?" तेवढ्यात बाजूला उभे असलेले अण्णा खालच्या आवाजात पुटपुटले, "तीन."

डॉक्टर वैतागले. "अहो, तुम्ही काय करताय? तिला दिसत नाही हे सिद्ध करायला आलाय ना?" अण्णांचा चेहरा पडला. त्यांनी ते मुद्दाम केलं नव्हतं. सात वर्षं जी सवय लावून घेतली होती ती ऐनवेळी तोंडातून बाहेर पडली. बाहेर आल्यावर ताई हसत सुटली, "अण्णा, खरंच तीन होती का हो?" आणि अण्णाही हसले. मात्र हसता हसता त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला बराच वेळ पुसला.

पुढच्या रविवारी सकाळी अर्ज लिहिला गेला. अण्णांनी मोत्यासारख्या अक्षरात दोन परिच्छेद लिहिले, सर्टिफिकेटची प्रत जोडली आणि खाटेवरून मला हाक मारली. ताई खुर्चीत बसली होती. म्हणाली, "आधी मला वाचून दाखव. मगच सही."

मी वाचायला लागले. विषय, परीक्षेसाठी लेखनिक मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून. पुढे ताईच्या डोळ्यांची हकिगत, लेखनिकाची गरज, आणि थेट 'कळावे'. जादा वेळेचा एक शब्दही त्यात नव्हता. मी वर पाहिलं. अण्णांनी एक बोट वर केलं. एका अर्जात एकच मागणी. मग तोच हात पुढे नेऊन 'नंतर, नंतर' अशी खूण केली.

"आणि वेळेचं?" ताईने विचारलं.

मी एक क्षणही थांबले नाही, याची मला आजही लाज वाटते. अडखळले असते तरी तिला कळलं असतं. मी त्याच आवाजात, त्याच लयीत वाचलं, "तसेच सदर विद्यार्थिनीस प्रत्येक प्रश्नपत्रिकेसाठी अर्धा तास जादा वेळ मिळावा, ही नम्र विनंती."

"नम्र कशाला?" ताई म्हणाली. "बरं, असू दे. कुठे करू सही?"

मी तिचं बोट कागदावर नेऊन ठेवलं आणि तिने सही केली. पुस्तकातलं गाळलं की अर्थ तुटायचा आणि ती पकडायची. इथे मी गाळलं नव्हतं, घातलं होतं, आणि ते इतकं बेमालूम होतं की पकडायला जागाच नव्हती. मला त्या वाक्याचं मनातून कौतुकही वाटलं होतं.

स्वयंपाकघरात अण्णा मला हळू आवाजात म्हणाले, "पहिला मंजूर झाला रे झाला की दुसरा टाकतो. तिला आत्ता सांगितलं तर हट्ट धरेल, आणि हातातलंही जाईल." माझा विश्वास बसला. त्यांचा एकही अर्ज परत आलेला मी पाहिला नव्हता.

मंजुरी यायला फार दिवस लागले. परीक्षा जेमतेम दहा दिवसांवर आली तेव्हा कॉलेजच्या ऑफिसातून निरोप आला, तुमचं काम झालंय. ताईने तो आनंदाने ऐकला आणि दोन्ही मिळालं असं धरून चालली. समोरच्या इमारतीतली अकरावीची मुलगी लेखनिक म्हणून ठरली होती. नातेवाईक चालणार नव्हता आणि लेखनिक खालच्या इयत्तेतला हवा होता. ती रोज दुपारी यायची आणि ताई तिच्याकडून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घ्यायची. पाच प्रश्न, प्रत्येकी चाळीस मिनिटं, शेवटची दहा मिनिटं सगळं वाचून घ्यायला. साडेतीन तासांचा हिशेब तिने चोख बसवला होता. सगळ्यात पक्का प्रश्न ती शेवटी ठेवायची, कारण तोवर लिहिणारीचा हात बसलेला असतो.

घड्याळ माझ्या हातात असायचं. "चाळीस झाली," मी सांगायची. "ऐंशी झाली." साडेतीन तास पुरे झाले की "वेळ संपली" असंही मीच म्हणायची. त्या दहा दिवसांत मी अण्णांना एकदाही विचारलं नाही, की दुसऱ्या अर्जाचं काय झालं. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. अण्णा तेव्हा जरा गप्प गप्प असायचे आणि ते कंपनीतल्या कटकटीमुळे असेल, असं मी ठरवून टाकलं होतं.

इतिहासाचा पेपर पहिला. मी आवारात झाडाखालच्या कट्ट्यावर बसून होते. तीन तासांची घंटा झाली, मुलं बाहेर आली, आणि मी स्वतःला सांगत होते की ताई आत्ता येणार नाही, अर्ध्या तासाने येईल. पाच मिनिटांत ती आली. लेखनिक मुलगी तिचा हात धरून होती आणि रडत होती.

"पाचवा प्रश्न चालू होता ओ," ती मला म्हणाली. "ताई सांगत होत्या, अजून अर्धा तास आहे, अजून अर्धा तास आहे. सर बोलले, मला तसं काही लेखी आलेलं नाही. आणि पेपर ओढूनच घेतला."

ताई रडत नव्हती. ती संतापली होती. "ऑफिसात चल," म्हणाली आणि माझं कोपर धरलं. सांगायला पन्नास पावलं तरी मिळाली होती, तीही मी वाया घालवली.

हेडक्लार्क डबा खात होते. त्यांनी तो बाजूला सारला. "ताई, जादा वेळ तुम्ही मागितलाच नव्हता."

"मागितलाय. माझ्या अर्जात आहे."

त्यांनी कपाटातून फाइल काढली, पानं उलटली. "यात फक्त लेखनिकाचं आहे."

"साहेब, माझ्या बहिणीने मला शब्द न् शब्द वाचून दाखवलाय तो अर्ज. सही करण्याआधी." ताईचा आवाज चढला. "तुम्ही काहीही सांगाल. मला दिसत नाही म्हणून ऐकून घेणार नाही मी. हिला द्या. ही वाचेल."

हेडक्लार्कनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना बहुतेक तेव्हाच समजलं. त्यांनी फाइल फिरवून माझ्यासमोर ठेवली.

मी वाचलं. विषयापासून वाचलं. अण्णांचं ते सुरेख अक्षर, आणि माझा स्पर्धा जिंकणारा आवाज चिरका झालेला. 'कळावे' आलं आणि मी थांबले. ताईने वाट पाहिली. मग तिचा हात माझ्या कोपरावरून निघाला.

हेडक्लार्क चांगला माणूस होता. त्यांना ते बघवेना. त्यांनी पुढचं पान काढलं आणि हळूच म्हणाले, "हा दुसरा अर्ज तुमच्या वडलांनी आणून दिलेला, गेल्या सोमवारी. जादा वेळेचाच आहे. पण मुदत संपलेली. मी वर फोन लावला, त्यांनी ऐकलं नाही. तुमचे वडील त्या बाकावर दोन तास बसून होते. मला वाटलं, घरी बोलले असतील."

अण्णा बोलले नव्हते. मीही बोलले नव्हते. सगळ्या घराने मिळून तिला सांभाळलं होतं.

फाटकाबाहेर आल्यावर ताई थांबली. तिने लेखनिक मुलीचा हात धरला होता. ती मला म्हणाली, "अण्णांनी जे लिहिलं ते त्यांच्या समजुतीने लिहिलं. त्यांच्याशी मी भांडेन. पण तू मला जे कागदावर नव्हतं ते वाचून दाखवलंस. आता मी काय करू, सांग? तू आजवर जे जे वाचलंस ते सगळं होतं ना पुस्तकात?"

मी रडत "होतं गं, होतं" म्हणत राहिले. पण त्या 'होतं'ला तरी आता काय किंमत होती!

घरी अण्णांनी तिच्यासमोर हात जोडले. तिने ते चाचपडून धरले आणि खाली केले. ती भांडली, रडली, जेवली नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या पेपराच्या तयारीला बसली, तीन तासांच्या हिशेबाने. माझ्याकडून नाही. लेखनिक मुलगी सकाळीच येऊन तिला वाचून दाखवायला लागली. अण्णांचं अर्ज लिहिणंही काही बंद पडलं नाही. लोकांचे नळ आमच्या दुःखासाठी थोडेच थांबणार होते.

निकाल लागला. सेकंड क्लास तीन गुणांनी हुकला.

एम.ए.चा विषय घरात पुन्हा निघाला नाही. ताईने टेलिफोन ऑपरेटरचं प्रशिक्षण घेतलं आणि डोंबिवलीच्या एका कारखान्यात तिला नोकरी लागली. नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा मी घरातच होते. ते घेऊन ती जिना उतरून खालच्या मजल्यावरच्या शेजारणीकडे गेली. "मी वाचते की," मी म्हणाले. "राहू दे गं, तुला कशाला त्रास," असं ती म्हणाली. तिने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते सभ्य 'कशाला त्रास' मी आयुष्यभर पुरेल इतकं ऐकलं.

एकदा मी तिची माफी मागितली. सरळ, शब्दांत. तिने माझ्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाली, "मला माहितीये, तुझ्या मनात वाईट नव्हतं. कधीच सोडून दिलंय मी ते." तिने खरंच सोडून दिलं होतं. माझ्या लग्नात ती सगळ्यात जास्त नाचली. माझ्या मुलीला तिने मांडीवर घेऊन गोष्टी सांगितल्या. अण्णा गेले तेव्हा आम्ही एकमेकींना धरून रडलो. माझ्यावरचा तिचा जीव तसूभरही कमी झाला नाही. फक्त माझ्याकडून तिने काही वाचून घेतलं नाही. औषधाची चिठ्ठी नाही, लग्नपत्रिका नाही, बसची पाटीसुद्धा नाही.

नव्वद सालानंतरची ही शेवटची गोष्ट. ताई तोवर डोंबिवलीत कारखान्याजवळच एका चाळीत खोली घेऊन एकटी राहत होती. चाळ तिथल्या जुन्या शेतकरी कुटुंबाची होती आणि मालकीणबाई शेजारीच राहायच्या. ताई त्यांना काकू म्हणायची. काकू चौथीपर्यंत शिकलेल्या, भात लावण्यात आणि भांडणात सारख्याच तरबेज, आणि ताईवर त्यांची माया. मी तेव्हा ठाण्याच्या एका कॉलेजात मराठी शिकवत होते. मॅडमचं वाचन ऐकत राहावंसं वाटतं, असं मुलं म्हणायची.

त्या रविवारी मी अळूवड्यांचा डबा घेऊन तिच्याकडे गेलेले. टेबलावर न फोडलेलं लांबट पाकीट पडलं होतं. विद्यापीठाचा शिक्का मला दारातूनच दिसला.

"पत्र आलंय गं."

"हो, काल आलं," ताई म्हणाली. "बाहेरून एम.ए.ला बसतेय मी. पास क्लासवाल्यांनाही बसता येतं, कळलं मला. लेखनिकाचा आणि वेळेचा अर्ज केलाय. त्याचंच उत्तर असणार."

"मग काल का नाही वाचून घेतलंस?"

"काकू हळदीला गेल्यात नातेवाइकांकडे. दुपारी येतील."

"दे ना, मी वाचते."

"येतीलच आता," ती म्हणाली आणि चहाला उठली.

दोन तास आम्ही बोलत बसलो. माझी मुलगी, तिचा नवा साहेब, अळूचा खाजरेपणा. पाकीट आमच्या दोघींच्या मधोमध. तेवढं फोडून वाचायला मला अर्धं मिनिट लागलं नसतं. ताईची बोटं मधूनमधून त्याच्या कडेवर जाऊन येत होती. तिची घालमेल मला दिसत होती, आणि ती थांबवणं माझ्या हातात असून नव्हतं.

काकू आल्या त्या हळदीने पिवळ्या झालेल्या. "दम धर गो बाय, चष्मा तरी लावू दे," म्हणत खाली बसल्या. पाकीट फोडलं आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचायला लागल्या. "उ... प... उपरो... काय मेलं लिवलंय हे... उपरोक्त." ताई पुढे झुकून ऐकत होती. काकू जोडाक्षराला अडायच्या, मागे जायच्या, पुन्हा उचलायच्या. माझ्या ओठांवर प्रत्येक शब्द त्यांच्या आधी येत होता आणि मी तो गिळत होते. "ले...खनिक... व प्र...त्येक प्रश्न...पत्रिकेस अर्धा तास जादा वेळ... मं... मंजूर. मंजूर हाय गो बाय!"

"वेळेचं पुन्हा वाचा," ताई म्हणाली.

काकूंनी पुन्हा वाचलं. तितकंच अडखळत. ताईच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तिने ते पुसलं नाही. मीही रडत होते, पण मला आवाज होऊ द्यायचा नव्हता.

काकूंना स्वतःच्या वाचनाची खात्री नसावी. त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. "तू एवढी शिकलेली हाईस. बघ गो, मी बराबर वाचलं का?"

मी हात पुढे केला.

"नको काकू," ताई मऊ आवाजात म्हणाली. "तुम्ही वाचलंत ना, झालं."